रिमोट घ्यायचं, पण कशाने?

महिन्याची २० तारीख, संध्याकाळचे सात. सांगलीतल्या एका सीए ऑफिसच्या कॉम्प्युटरची कामं मी बघतो. त्या दिवशी पावसाने निम्मा स्टाफ घरीच अडकला होता. मी निवांत होतो, कारण महिनाभर आधीच तिथल्या चार मशीनवर विंडोजचं रिमोट डेस्कटॉप चालू करून दिलं होतं आणि घरून टॅली, एक्सेल सगळं झकास चालत होतं. तेवढ्यात फोन. "दादा, जीएसटीचं थ्री-बी रिटर्न जात नाहीये. पोर्टल म्हणतंय टोकनच सापडत नाही."

डिजिटल सहीचं ते यूएसबी टोकन ऑफिसातल्या सीपीयूला लावलेलं होतं. ऑफिसात एकटे शिपाईमामा होते. त्यांना विचारलं, टोकनचा दिवा लागलाय का? लागलाय. काढून परत लावा. लावलं. तरी तेच. टोकन ऑफिसात, मशीन ऑफिसात, त्या मशीनवर आपण घरून काम करतोय, आणि मशीन म्हणतंय टोकन नाही.

टोकन ठणठणीत होतं. माझी निवड चुकली होती. विंडोजचं रिमोट डेस्कटॉप, ज्याला सगळे आरडीपी म्हणतात, ते टोकन शोधतं तुमच्या समोरच्या मशीनवर, म्हणजे घरच्या लॅपटॉपवर. ऑफिसच्या सीपीयूला काय लावलंय ते त्या वाटेने आत गेलेल्याला दिसतच नाही. शेवटी आरडीपीतूनच एनीडेस्क हे दुसरं रिमोट सॉफ्टवेअर तिकडे टाकलं, पासवर्ड लावला, आरडीपी बंद केलं आणि एनीडेस्कने आत शिरलो. पोर्टलवर सही करून देणारा एमसायनर हा प्रोग्रॅम एकदा बंद करून चालू केला आणि टोकन लगेच दिसलं. रिटर्न गेलं.

"दहा सर्वोत्तम रिमोट सॉफ्टवेअर" छापाच्या याद्या ढिगाने सापडतात. त्यात फाइल पाठवता येते का, चॅट आहे का, असे रकाने असतात. हा टोकनचा रकाना मी अजून कुठे बघितलेला नाही. म्हणून नावांपासून सुरुवात नको. आधी आपल्याला नेमकं काय करायचंय ते बघू, नावं त्यातून आपोआप गळत जातात.

खांद्यावरून बघणं आणि वेगळी खुर्ची

एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, क्रोम रिमोट डेस्कटॉप, रस्टडेस्क आणि व्हीएनसीची सगळी भावंडं एका जातीची. तिकडच्या मॉनिटरवर जे दिसतंय त्याचंच चित्र ती तुमच्याकडे आणतात आणि तुमच्या माउसच्या हालचाली तिकडे नेतात. म्हणजे कोणाच्या तरी खांद्यावरून डोकावून, त्याचाच माउस धरल्यासारखं. तिकडे माणूस बसला असेल तर त्यालाही सगळं दिसतं. दोघांनी एकदम माउस हलवला की बाण वेड्यासारखा पळतो. ही जात जुनी आहे. व्हीएनसी १९९० च्या दशकात केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी संशोधन प्रयोगशाळेत तयार झालं.

आरडीपीची जात वेगळी. ते मॉनिटरवरचं चित्र उचलत नाही, तुमच्यासाठी आत वेगळी खुर्ची टाकतं. तिकडचा मॉनिटर लॉक होतो. शेजारून जाणाऱ्याला तुम्ही काय करताय ते दिसत नाही. विंडोजच्या लेखी तुम्ही तुमचा मॉनिटर, कीबोर्ड, घरचा प्रिंटर आणि खिशातलं टोकन घेऊन आलेले असता. त्यामुळे टोकन खरंच तुमच्याजवळ घरी असेल आणि त्याचा ड्रायव्हर ऑफिसच्या मशीनवर असेल, तर आरडीपीसारखं सोयीचं काही नाही. ते ऑफिसात राहिलं असेल तर खांद्यावरून बघणारं सॉफ्टवेअरच लागणार. (टोकन ज्याच्या सहीचं आहे त्याने ते ऑफिसच्या सीपीयूला कायमचं चिकटवून ठेवावं का, हा प्रश्न वेगळा. ठेवू नये. पण मी कॉम्प्युटरवाला, माझं कोण ऐकतो.)

रोज आठ तास बसून काम करायचं असेल तर माझं मत आरडीपीला. अक्षरं स्वच्छ दिसतात, तुमच्या पडद्याच्या मापात बसतात आणि नेट जेमतेम असलं तरी टॅली अडखळत नाही. अट एवढीच, की ज्या मशीनवर जायचंय तिथे विंडोजची प्रो किंवा त्यावरची आवृत्ती हवी. होम आवृत्तीवरून तुम्ही दुसरीकडे जाऊ शकता, पण तुमच्याकडे कोणी येऊ शकत नाही. दुकानातून आणलेल्या बहुतेक लॅपटॉपवर होमच असतं, तेव्हा आधी सेटिंगमध्ये जाऊन बघा. दुसरं म्हणजे साध्या विंडोजवर एका वेळी एकच माणूस. दुसरा आत आला की पहिला बाहेर. चार जणांना एकाच मशीनवर बसवायचं असेल तर विंडोज सर्व्हर आणि माणशी लायसन्स लागतं. "पॅच मारून देतो, पाच जण चालतील" म्हणणारा गावोगाव एक तरी असतो. ते लायसन्सच्या बाहेरचं काम आहे, आणि विंडोजचा एखादा अपडेट आला की नेमकं तारखेच्या दिवशी बंद पडतं.

आणि एक गोष्ट हात जोडून. आरडीपी घरून चालावं म्हणून राउटरवर ३३८९ नंबरचं पोर्ट बाहेरच्या जगाला उघडून देऊ नका. इंटरनेटवर असं उघडं दार शोधत फिरणारे प्रोग्रॅम दिवसरात्र चालू असतात. सापडलं की पासवर्ड चाचपत बसतात, आत शिरले की सगळ्या फाइलींना कुलूप घालून खंडणी मागतात. मे २०१९ मध्ये आरडीपीत ब्लूकीप नावाचं भोक सापडलं, त्यात तर पासवर्डचीही गरज नव्हती. धोका एवढा मोठा होता की मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्येच मोडीत काढलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. "आम्ही नंबर बदलून ३३९० केलाय" हे उत्तर नाही. किल्ली पायपुसण्याखालून काढून कुंडीखाली ठेवल्यासारखं ते.

मग बाहेरून आत जायचं कसं? आपल्या मशीनपुरतं खाजगी जाळं करून. याला व्हीपीएन म्हणतात, आणि पूर्वी ते उभं करायला माणूस बोलवावा लागायचा. टेलस्केलसारख्या सेवेने ते पंधरा मिनिटांचं काम झालंय. दोन्ही मशीनवर टाकायचं, एकाच खात्याने लॉगिन करायचं, प्रत्येक मशीनला १०० ने सुरू होणारा एक खाजगी पत्ता मिळतो. आरडीपीत तो पत्ता टाकायचा. बाहेरच्या जगाला दार दिसतच नाही. घरगुती वापराला पैसे नाहीत.

मधला माणूस

एनीडेस्कला तर पोर्ट उघडावं लागत नाही, नुसता नंबर सांगितला की झालं. ते कसं?

पुण्यातला एखादा जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. रस्त्यावर घर नंबर एकच, आत बारा बिऱ्हाडं. बाहेरून कोणी "कॉम्प्युटर आहे का घरात?" म्हणून हाक मारली तर दारावरच्याला कळत नाही कुठल्या बिऱ्हाडाला विचारतोय, म्हणून तो परत पाठवतो. पण आतल्या बिऱ्हाडाने स्वतःहून कोणाला निरोप धाडला असेल, तर त्याचं उत्तर घेऊन आलेल्याला दारावरचा बरोबर आत सोडतो. तुमचा राउटर हा तो दारावरचा. मोबाइल कंपन्या आणि बऱ्याच फायबर कंपन्या त्याच्याही पुढे गेल्यात. तिथे नुसता वाडा नाही, अख्खी पेठ एका घर नंबरावर राहते. म्हणून तुम्ही तुमच्या राउटरवर पोर्ट उघडलं तरी अनेकदा काहीच होत नाही, कारण पेठेच्या वेशीवरचं दार तुमच्या हातात नसतं.

यावर तोडगा वधू-वर सूचक मंडळाचा. दोन्ही मशीन स्वतःहून बाहेर निरोप धाडून एका तिसऱ्या सर्व्हरकडे नाव नोंदवून ठेवतात. एनीडेस्कचा नऊ-दहा आकडी नंबर म्हणजे त्या नोंदवहीतला क्रमांक. तुम्ही नंबर टाकला की मंडळ दोघांना एकमेकांचा बाहेरचा पत्ता देतं. दोघं एकाच वेळी एकमेकांना निरोप धाडतात आणि दोन्ही दारावरच्यांना वाटतं, अरे, आपल्याच माणसाला आलेलं हे उत्तर. जमलं तर पुढचं बोलणं थेट. नाहीच जमलं तर मंडळ मध्ये बसून सगळे निरोप इकडून तिकडे करतं. एनीडेस्क कधी लोण्यासारखं चालतं आणि कधी तेच मशीन रडतखडत चालतं, त्याचं एक मोठं कारण हे. थेट वाट सापडली की फेरा कमी. मध्ये मंडळ बसलं की फेरा वाढतो.

चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये हे निरोप कुलूपबंद असतात, मधल्याला वाचता येत नाहीत. तरी पत्त्यांची वही त्याच्याकडे असते आणि सॉफ्टवेअर अस्सल असल्याचा शिक्काही त्याचाच असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये एनीडेस्कने जाहीर केलं की त्यांच्या चालू सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली. त्यांना तो डिजिटल शिक्काच रद्द करून नवा काढावा लागला आणि वेबसाइटच्या खात्यांचे पासवर्ड बदलायला लावावे लागले. त्याच वर्षी जूनमध्ये टीमव्ह्यूअरच्या कंपनीअंतर्गत नेटवर्कमध्ये घुसखोरी झाली. ग्राहकांच्या जोडण्यांची व्यवस्था वेगळी असल्याने तिला धक्का लागला नाही, असं त्यांनी सांगितलं. दोन्ही कंपन्या जर्मनीतल्या, नावाजलेल्या. म्हणून त्या वापरू नका असं मी म्हणत नाही, मीही वापरतो. फक्त नंबर टाकताना मधे कोणीतरी आहे हे लक्षात असू द्या.

मधला माणूसही आपलाच हवा असेल तर रस्टडेस्क आहे. त्याचा सोर्स कोड खुला आहे, दिसायला-वागायला एनीडेस्कसारखं. मंडळाचं काम करणारे दोन छोटे प्रोग्रॅम असतात. एक पत्त्यांची वही ठेवतो, दुसरा गरज पडली तर निरोप वाहतो. ते भाड्याच्या स्वस्तातल्या सर्व्हरवर टाकायचे, २१११५ ते २१११९ ही पोर्टं त्या सर्व्हरवर उघडायची आणि प्रत्येक मशीनवरच्या रस्टडेस्कमध्ये आपल्या सर्व्हरचा पत्ता आणि किल्ली भरायची. मला पहिल्यांदा एक रविवार लागला. त्यानंतर अपडेट करणं, सर्व्हरचं भाडं वेळेत भरणं, बंद पडला तर बघणं हे सगळं आपल्याच गळ्यात. ऑफिसात हे बघणारं कोणी नसेल तर या वाटेला जाऊ नका.

तिकडे माणूस आहे का?

निवड इथे ठरते. बाबांना मेल उघडत नाहीये, ते समोर बसलेत आणि फोनवर आहेत, हा एक प्रसंग. ऑफिस बंद आहे, मशीन एकटं चालू आहे, हा दुसरा. एकाला जे चांगलं ते दुसऱ्याला चालेलच असं नाही.

माणूस समोर असेल आणि दोन्हीकडे विंडोज असेल तर काही डाउनलोड करायच्या आधी क्विक असिस्ट बघा. विंडोजबरोबरच येतं. कंट्रोल, विंडोज आणि क्यू ही तीन बटणं एकदम दाबली की उघडतं. मदत करणाऱ्याने मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करायचं, त्याला एक कोड मिळतो, तो दहा मिनिटं चालतो. समोरच्याने तो टाकून परवानगी द्यायची. समोरच्याला खातं लागत नाही, आणि काम संपलं की मागे उघडं दार राहत नाही. आईबाबांसाठी यातलं मला सगळ्यात आवडतं ते हेच. नाहीतर सहा वर्षांपूर्वी एकदा टाकलेलं काहीतरी खालच्या पट्टीत अजून जागं असतं.

यात एक गंमत आहे, ती आधी सांगून ठेवावी लागते. काही इन्स्टॉल करताना विंडोज "हा बदल करू द्यायचा का?" असं विचारतं ना, तेव्हा आपल्याकडचं चित्र थांबतं किंवा काळं पडतं. ती खिडकी फक्त तिकडच्यालाच दिसते. माझ्या वडिलांनी पहिल्यांदा फोन ठेवूनच दिला. त्यांना वाटलं माझ्याकडे लाइट गेली. आता मी आधीच सांगतो, "बाबा, मध्येच मला दिसायचं बंद होईल, तेव्हा तुम्ही 'येस' दाबा."

तिकडे मॅक असेल तर आणखी एक पायरी. पडदा दाखवायची आणि माउस हलवू द्यायची अशा दोन वेगवेगळ्या परवानग्या सेटिंगमध्ये जाऊन समोरच्यानेच द्याव्या लागतात. पहिली दिली नाही तर तुम्हाला नुसता वॉलपेपर दिसतो, एकही खिडकी नाही. दुसरी दिली नाही तर सगळं दिसतं, पण हात बांधलेले.

मुलगा न्यू जर्सीत आणि आईबाबा कोथरूडमध्ये, अशी घरं आता कमी नाहीत. त्यांच्यासाठी क्रोम रिमोट डेस्कटॉप बरं. फुकट आहे, ब्राउझरमधून चालतं, विंडोज-मॅक दोन्हीवर. एकदाचा कोड देऊन किंवा कायमचा पिन लावून, दोन्ही प्रकारे वापरता येतं. फक्त मग सगळी मदार गूगल खात्यावर येते, तेव्हा त्या खात्याला दुसऱ्या टप्प्याची पडताळणी लावाच. आणि इतक्या लांबून बाण थोडा उशिराने हलतो म्हणून सॉफ्टवेअर बदलत बसू नका. पुणे ते न्यू जर्सी साधारण १२,५०० किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे केबल अगदी सरळ रेषेत टाकली असती तरी जाऊन यायला १२५ मिलिसेकंद. केबल समुद्रातून वळसे घेत जाते, त्यामुळे प्रत्यक्षात २०० च्या पुढेच. कोणत्याही कंपनीला हे कमी करता येत नाही. सॉफ्टवेअरच्या हातात असतं ते चित्र किती दाबून पाठवायचं एवढंच. तिथे कोथरूडच्या घराचा अपलोडचा वेग मोजला जातो, न्यू जर्सीचा डाउनलोडचा नाही, हे मात्र लोक हमखास उलटं समजतात.

आणि तिकडे कोणीच नसेल तर

इथे सॉफ्टवेअरपेक्षा मशीनच जास्त दगा देतं. नव्वद टक्के वेळा "रिमोट लागत नाही" म्हणजे तिकडचं मशीन झोपलेलं असतं, असं माझ्या अनुभवावरून म्हणतो, मोजमाप काही केलेलं नाही. पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन 'स्लीप' कधीच नाही असं करून ठेवा. मॉनिटर बंद झाला तर चालतो. लॅपटॉप असेल तर झाकण मिटल्यावर काय करायचं तेही बघा.

मग लाइट. दुपारी तीनला गेली, साडेतीनला आली. पंखा आपोआप फिरायला लागतो, कॉम्प्युटर मात्र कोणीतरी बटण दाबायची वाट बघत बसतो. यावर उपाय मदरबोर्डच्या बायोसमध्ये आहे. मशीन चालू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून आत जायचं. 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा तशाच नावाची ओळ शोधायची आणि ती 'पॉवर ऑन' करायची. आता लाइट आली की मशीन स्वतःहून उठतं. आणि यूपीएसला सीपीयू लावला पण राउटर भिंतीच्या प्लगलाच राहिला, असं करू नका. मी केलंय. मशीन अंधारात मस्त चालू होतं आणि जगाशी संबंध तुटलेला.

मशीन स्वतःहून उठलं की लॉगिनच्या पडद्यावर थांबतं. इथे एनीडेस्कसारखं सॉफ्टवेअर नुसतं डबल क्लिक करून चालवलं असेल तर उपयोग नाही, कारण कोणी लॉगिन करेपर्यंत ते सुरूच होत नाही. रीतसर इन्स्टॉल केलं की ते विंडोजबरोबरच उठतं आणि लॉगिनचा पडदाही तुम्हाला दिसतो. कायमचा पासवर्ड लावायचा तो लांब आणि वेगळा. दुसऱ्या टप्प्याची पडताळणी मिळत असेल तर चालू करा. फक्त अमुक नंबरवरूनच आत येता येईल अशी यादी करायची सोय असते, तीही भरा. व्हीएनसीच्या जुन्या पद्धतीत पासवर्डची पहिली आठच अक्षरं मोजली जातात, बाकीची तुम्ही कितीही लिहा. त्यामुळे साधं व्हीएनसी वापरायचं तर घरातल्या घरात किंवा व्हीपीएनच्या आत.

मॉनिटर काढून सीपीयू कोपऱ्यात ठेवला असेल तर आणखी एक त्रास. खांद्यावरून बघणाऱ्याला बघायला पडदाच नाही, त्यामुळे काळं किंवा भलत्याच छोट्या मापाचं चित्र येतं. एचडीएमआयचा डमी प्लग मिळतो, अंगठ्याएवढा. तो मागे खोचला की मशीनला वाटतं मॉनिटर आहे.

मराठीत टाइप करणाऱ्यांनी एवढं नक्की वाचावं. तुमच्या लॅपटॉपवर मराठी कीबोर्ड चालू आणि तिकडेही मराठी चालू, अशा अवस्थेत टाइप केलं की काना-मात्रा भलतीकडे जातात किंवा अक्षरंच गायब होतात. बरीच सॉफ्टवेअर अक्षर पाठवत नाहीत, कोणतं बटण दाबलं ते पाठवतात, आणि त्यावर दोन्हीकडून संस्कार झाले की खिचडी होते. सरळ नियम ठेवा. आपल्याकडे इंग्रजी, तिकडे मराठी. मोठा मजकूर असेल तर आपल्याकडे लिहून कॉपी-पेस्ट करा. युनिकोड असेल तर बिनबोभाट जातो. जुन्या श्रीलिपीच्या फाइली मात्र ज्या मशीनवर तो फॉन्ट आहे तिथेच उघडा, इकडे आणल्या की नुसतं चिन्हांचं कालवण.

फुकट म्हणजे कोणाला फुकट

टीमव्ह्यूअर, एनीडेस्क फुकट आहे असं सगळे म्हणतात. घरगुती वापराला फुकट आहे. वडिलांचा कॉम्प्युटर बघणं घरगुती. सीए ऑफिसचा बघणं धंदा, मग तुम्ही त्याचे पैसे घेता की नाही हा मुद्दाच नाही. कंपन्या वापराच्या पद्धतीवरून हे ओळखायचा प्रयत्न करतात. रोज वेगवेगळ्या मशीनवर जाणं, ऑफिसच्या वेळेत जाणं, असं दिसलं की "तुमचा वापर व्यावसायिक वाटतो" असा निरोप येतो आणि मग जोडणी काही मिनिटांनी तुटायला लागते. एका सॉफ्टवेअरने माझं असंच ऐन मार्चएंडला तोडलं. रागावलो खूप, पण नियम मीच मोडला होता.

तेव्हा धंद्यासाठी हिशोब सुरुवातीलाच करा. एकदोनच मशीन, रोजचं काम, विंडोज प्रो असेल तर व्हीपीएन आणि आरडीपी. सॉफ्टवेअरचा वेगळा खर्च नाही, फक्त व्हीपीएन सेवेची धंद्यासाठीची अट वाचून घ्या. तुम्ही माझ्यासारखे वीस ठिकाणी फिरणारे असाल तर पैसे देऊन घ्या. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, स्प्लॅशटॉप, किंवा चेन्नईच्या झोहोचं झोहो असिस्ट. घेताना एक प्रश्न विचारा. पैसे मदत करणाऱ्या माणसामागे की मशीनमागे? मी एकटा आणि मशीन साठ, मला पहिला प्रकार परवडतो. ऑफिसात माणसं दहा आणि मशीन दोन, तिथे हिशोब उलटा.

तोच नंबर, दुसऱ्याच्या हातात

"आपले वीजबिल अपडेट नसल्याने आज रात्री ९.३० वाजता पुरवठा खंडित होईल, या नंबरवर फोन करा." हा मेसेज बहुतेकांना येऊन गेला असेल. फोन केला की पलीकडचा गोड बोलून एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरचं क्विकसपोर्ट मोबाइलवर टाकायला लावतो आणि नंबर विचारतो. पुढे तो फक्त बघत बसतो. तुम्ही दहा रुपये भरायला बँकेचं ॲप उघडता, पिन टाकता, ओटीपी येतो, सगळं त्याच्या पडद्यावर. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच या प्रकाराबद्दल बँकांना सावध केलं होतं. क्विक असिस्टही यातून सुटलेलं नाही. २०२४ च्या एप्रिलपासून एक टोळी कंपनीचा हेल्पडेस्क असल्याचं भासवून त्यातून ऑफिसांत शिरत होती, आणि मे महिन्यात मायक्रोसॉफ्टनेच तसा इशारा दिला.

इथे सॉफ्टवेअर चांगलं की वाईट हा प्रश्नच येत नाही, सगळी सारखीच. वडिलांना मी एकच गोष्ट शिकवलीय, फोन कोणी केला ते बघायचं. आपण केला असेल, तोही आपल्याजवळ आधीपासून असलेल्या नंबरवर, तरच कोड द्यायचा. मेसेजमधल्या नंबरवर केलेला फोन म्हणजे त्यांनीच केलेला. त्यांच्या मोबाइलवर मी असलं एकही ॲप ठेवलेलं नाही. मोबाइलचं काही अडलं तर व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर दुसऱ्या फोनने पडदा दाखवतात, तेवढ्यात भागतं. चुकून कोणाला आत घेतलंच तर आधी नेट बंद करायचं, मग बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

सगळं लावून झालं की तपासणी. ऑफिसच्याच वायफायवर बसून "चाललं की!" म्हणू नका, एकाच वाड्यातली दोन बिऱ्हाडं एकमेकांना हाक मारू शकतात, त्यात नवल काही नाही. खाली उतरा, रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा सांगा, लॅपटॉप मोबाइलच्या नेटवर जोडा आणि आत जा. एक फाइल उघडा, मराठीत एक ओळ टाइप करा, टोकन दिसतंय का बघा. मग तिथूनच मशीन रिस्टार्ट करा आणि परत आत जाता येतंय का बघा. ते जमलं की वर फोन करून शिपाईमामांना सांगा, मेन स्विच खाली करा, पाच मिनिटांनी वर करा. चहा संपेपर्यंत मशीन परत दिसलं, तर घरी जायला हरकत नाही.